वाहिनीची ओळख वेळापत्रकातून कशी वाचावी

मराठी मनोरंजन वाहिनीच्या ओळखीवर टिपण लिहायला सांगितले, की पुण्यातले माध्यमांचे विद्यार्थी बहुधा बोधचिन्ह आणि घोषवाक्यापासून सुरुवात करतात. पण ईटीव्ही मराठीची २०१५ साली कलर्स मराठी झाली, तशी नावे आणि चिन्हे बदलत राहतात. म्हणून ते काम शेवटी ठेवावे आणि आधी सलग सात दिवस, संध्याकाळी साडेसहा ते रात्री साडेदहा, एकाच वाहिनीचे वेळापत्रक स्वतःच्या हाताने वहीत उतरवावे. वही शनिवारी उघडून शुक्रवारी मिटावी. टीव्हीचे प्रेक्षक मोजणाऱ्या बार्क या संस्थेच्या टीआरपीचा आठवडाही तसाच धरला जातो.

वेळापत्रकात एवढे काय असते, हे स्टार प्लसवरून समजते. सुरुवातीला इंग्रजी कार्यक्रम दाखवणाऱ्या या वाहिनीने ३ जुलै २००० रोजी रात्री नऊला ‘कौन बनेगा करोडपती’ आणि त्याच रात्री साडेदहाला ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ सुरू केले. पहिल्या कार्यक्रमाने सगळे घर टीव्हीसमोर आणून बसवले, दुसऱ्याने त्याला रोजची सवय लावली, आणि पुढे कित्येक वर्षे ती वाहिनी सासू-सुनांची म्हणूनच ओळखली गेली.

प्रत्येक अर्ध्या तासापुढे नायिकेचे साधारण वय, घरातला शेवटचा शब्द कोणाचा, आणि प्रसंग स्वयंपाकघरात घडतो की कचेरीत, एवढे लिहावे. बोलीही टिपावी, कारण पेठेतल्या कानाला प्रमाण भाषा म्हणजेच मराठी वाटते आणि मालवणी किंवा वऱ्हाडी नायकाच्या तोंडी आहे की फक्त गड्याच्या, हे निसटून जाते. मालिका बंगाली किंवा मल्याळम मालिकेवर बेतलेली असल्यास तिच्यात काय मराठी केले, मंगळागौर आणली की नात्यांची रीतच बदलली, हे वेगळे नोंदवावे. नुसती नऊवारी नेसवणे हे रूपांतर नव्हे, असे माझे मत आहे.

यातली एक संध्याकाळ तरी दुसऱ्याच्या घरी काढावी. मी सदाशिव पेठेत आत्याकडे बसलो होतो. तिने आठची मालिका सुरू होताच कुकर लावला, साडेआठच्या पहिल्या जाहिरातीला पाने घेतली, आणि पडद्याकडे फारसे न पाहता तिला सगळी कथा ठाऊक होती. पात्रे आधीचा प्रसंग संवादात पुन्हा का सांगतात आणि कटकारस्थानाच्या वेळी संगीत एवढे का दणाणते, याचे उत्तर ओट्यापाशी उभे राहिल्यावरच मिळते.

जाहिराती सुरू झाल्या म्हणून वही बाजूला ठेवू नये. नियमाप्रमाणे तासाभरात व्यावसायिक जाहिरातींना १० आणि वाहिनीच्या स्वतःच्या जाहिरातींना २ मिनिटे असतात; त्या दोन मिनिटांत वाहिनी कोणती मालिका पुढे करते आणि कोणती झाकते, ते मोजावे.

कथाबाह्य, म्हणजे मालिका नसलेले, कार्यक्रम थोडे असले तरी बोलके असतात. झी मराठीवर २००४ साली सुरू झालेल्या ‘होम मिनिस्टर’मध्ये आदेश बांदेकर स्वतः वहिनींच्या घरी जात आणि खेळाच्या शेवटी पैठणी देत, प्रेक्षकाचे घर हाच तिथे रंगमंच होता.

टीआरपी अगदी शेवटी पाहावी, कारण किती जणांनी पाहिले एवढेच तिच्यातून कळते. मग नोंदींवरून वाहिनीच्या ओळखीचा एक परिच्छेद लिहून त्यातली वाहिनीची आणि मालिकांची नावे खोडावीत आणि नेहमीच्या प्रेक्षकाला वाहिनी ओळखण्यासाठी वाचायला द्यावा. माझा पहिला परिच्छेद वाचून आत्या म्हणाली, ‘‘अरे, ही तर कुठलीही असेल!’’ तेव्हा मी पुढच्या शनिवारी वही पुन्हा उघडली.