फुटबॉल वर्ल्डकप फायनलची तयारी, अडीचपर्यंतची नको साडेतीनपर्यंतची करा

फायनल १९ जुलैला न्यू जर्सीत दुपारी ३ ला सुरू होणार, म्हणजे आपल्याकडं बेळगावात रविवारची मध्यरात्र उलटून साडेबारा, तारीख २०. हे ग्रुपवर आधी स्पष्ट टाका, नुसतं "१९ ला साडेबारा" लिहिलं तर कोणतरी शनिवारी रात्रीच येऊन दार वाजवणार.

आणि तयारी पेनल्टीपर्यंतची धरा, म्हणजे नव्वद मिनिटांत बरोबरी राहिली तर अर्ध्या तासाचा एक्स्ट्रा टाइम, तरीही बरोबरी तर एकेक पेनल्टी मारून निकाल. २००६, २०१०, २०१४, २०२२, या चारही फायनल नव्वद मिनिटांत संपल्या नाहीत, मधली २०१८ ची तेवढी संपली. २०२२ ला कतारमध्ये ८० व्या मिनिटापर्यंत अर्जेंटिना फ्रान्सच्या २-० पुढं होती, लोक चपला शोधायला लागले होते, आणि फ्रान्सच्या एम्बापेनं दोन मिनिटांच्या आत दोन गोल मारले, मग एक्स्ट्रा टाइममध्ये ३-३ आणि शेवटी पेनल्टीवर अर्जेंटिना ४-२. असली मॅच चहा संपलाय म्हणून अर्धी सोडायची नसते, म्हणून दूध-साखर जास्तीची आणा, गिरमिट (कालवलेले चिरमुरे) हाफटाइमपर्यंत पुरेल, पुढच्यासाठी चिरमुरे-फुटाणे वेगळे झाकून ठेवा. यंदा हाफटाइमला गाण्याचा कार्यक्रम आहे म्हणे फिफाचा, त्यामुळं ब्रेक लांबू शकतो, मिरची भजी तेव्हाच तळायला घ्या, गरम खायला मिळतील.

खरी काळजी पावसाची. जुलैमध्ये आपल्याकडं काय पडतो ते सांगायला नको, खानापूरकडं तर विचारूच नका. डिश असेल तर जोराच्या सरीत सिग्नल जातो, टीव्ही बिघडलेला नसतो, पाणी लहरी अडवतं, उगाच वायरी उपसू नका. म्हणून केबल किंवा फायबरचं कनेक्शन ज्याच्याकडं आहे त्याच्याकडंच जमा, आणि एकाच्या मोबाईलवर ॲप आधीच लॉगिन करून, डेटा शिल्लक ठेवून तयार ठेवा. फक्त दोन्ही एकदम चालू नको, ॲप केबलच्या बरंच मागं चालतं आणि पेनल्टी मारायच्या आधीच बाजूच्या खोलीतून ओरडा ऐकू आला तर सगळी रात्र वाया. करंट गेला तर इन्व्हर्टरवर टीव्ही आणि राउटर एवढंच ठेवा, प्रोजेक्टर नको, तो टीव्हीच्या दुप्पट-तिप्पट खातो. बॅटरीत पाणी शनिवारीच बघा.

मंडळाच्या हॉलमध्ये बघणार असाल तर दारं-खिडक्या लावून आतच, रात्री १० ते सकाळी ६ बाहेर स्पीकर लावायला कायद्यानंच बंदी आहे, आणि गल्लीत पहाटे उठून भात लावणीला जाणारी माणसं आहेत, त्यांची झोप आपल्या गोलपेक्षा कमी नाही. शेजारच्या कन्नड घरातल्या पोरांनाही बोलवा, कॉमेंट्री कुठल्या भाषेत लावायची ते सुरू व्हायच्या आधी ठरवा, मधे चॅनल बदलू नका. आज्जी-काका बसणार असतील तर ऑफसाइड (पास मिळताना समोरच्या टीमच्या बचावाच्या पुढं उभं असणं) आणि व्हीएआर (पंचांनी व्हिडिओ बघून निर्णय तपासणं) तेवढं आधी समजावून ठेवा, गोल रद्द झाला की मग प्रश्न येत नाहीत.

लहान पोरांना रविवारी दुपारी झोपवा, सोमवारी शाळा आहे. आणि मॅच संपल्यावर त्यांना घरी सोडायला दोघं मोठे ठरवून ठेवा, छत्री आणि बॅटरी घेऊन, साडेतीनला रस्त्यावर कुत्री असतात.