व्यक्तिमत्त्वाचा पेपर आणि माझं 'निम्मं' उत्तर

मानसशास्त्राच्या तोंडी परीक्षेत सरांनी विचारलं, "व्यक्तिमत्त्वाच्या गुणविशेषांची हेरिटॅबिलिटी, म्हणजे आनुवंशिकतेचा आकडा, साधारण किती?" मी ठसक्यात सांगितलं, "जुळ्यांच्या अभ्यासांनुसार ४० ते ५० टक्के." सर खूश दिसले. मग म्हणाले, "म्हणजे तुमचा लाजरेपणा आईवडिलांकडून किती आला?"

"निम्मा."

पुढची दहा मिनिटं आठवली की अजून कान तापतात.

म्हणून बाकी काही वाचलं नाहीत तरी चालेल, एवढं वाचा. हा आकडा एका माणसाबद्दल नसतोच. एखाद्या गटातली माणसं एकमेकांपासून वेगळी असतात. त्या फरकातला किती वाटा जनुकीय फरकांशी जोडता येतो, तेवढंच तो सांगतो. मी एकटी असताना फरक कुणापासून? आणि फरकच नाही तर वाटे कशाचे पाडणार?

अजून डोक्यात उतरत नसेल तर असं बघा. एका वर्गात सगळ्यांना तेच पुस्तक, तेच शिक्षक, अभ्यासाला तेवढाच वेळ. आता गुणांत जो फरक पडेल तो मुलामुलांतल्या फरकामुळेच. म्हणून पुस्तक निरुपयोगी ठरलं का? पुस्तक काढून घ्या, सगळेच नापास. उलट अर्ध्या वर्गाला चांगलं पुस्तक द्या आणि अर्ध्याला फाटकं, की 'मुलांमुळे' पडणारा वाटा लगेच घटतो. मुलं तीच आहेत. म्हणजे आकडा त्या गटाचा आणि त्या परिस्थितीचा. हे मी आजवर तिघांना समजावलंय. दोघं मान डोलावून म्हणाले, "थोडक्यात, निम्मं रक्तातच असतं." अशा वेळी काय बोलावं?

आणि आनुवंशिक म्हणजे न बदलणारं, असंही कुठे लिहू नका. गुण जातात.

बाकीचा विषय इतका घाबरण्यासारखा नाही, खरंच. फ्रॉइडने सांगितलेले मनाचे तीन भाग, इदम्, अहम्, पराहम् (१९२३), सगळ्यांना येतात. फक्त ते शिकल्या शिकल्या घरच्यांचं विश्लेषण करायला बसू नका. माझी बहीण पंधरा दिवस माझ्याशी बोलत नव्हती. एरिक्सनच्या आयुष्यभराच्या आठ अवस्थांत वयं घोकण्यापेक्षा त्या त्या अवस्थेतला पेच लक्षात ठेवा, उत्तर आपोआप सुचतं.

मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेलपाशी मात्र थोडं थांबा. १९६८ मध्ये त्याने दाखवलं की गुणविशेषांच्या चाचण्या आणि प्रत्यक्ष वागणं यांतला सहसंबंध (१ म्हणजे पूर्ण मेळ, ० म्हणजे काहीच नाही) क्वचितच ०.३० च्या वर जातो. यावरून 'व्यक्तिमत्त्व असं काही नसतंच' असं ठोकून देणारी उत्तरं मी पाहिली आहेत, एक माझंच होतं. पुढे त्यानेच सहकारी युइची शोडाबरोबर १९९५ मध्ये मांडलं की सातत्य असतं, पण ते 'अशी परिस्थिती असेल तर असं वागणं' या आकृतिबंधात. वरिष्ठांपुढे गप्प आणि बरोबरीच्यांवर खेकसणारा माणूस दर वेळी तसाच वागतो. तीच त्याची ओळख. व्यक्ती, वर्तन आणि परिवेश एकमेकांना घडवतात, या बांडुराच्या मांडणीशेजारी हे ठेवून वाचा, दोन्ही पटकन कळतात.

'जनक, वर्ष, टीका' असा तीन रकान्यांचा तक्ता आदल्या रात्रीपुरता ठीक. वर्षभर त्यावरच जगलात तर तोंडी परीक्षेत माझ्यासारखे उघडे पडाल. तयार नोट्स वाटणाऱ्या मार्गदर्शकांबद्दल माझं मत चांगलं नाही. प्रत्येक वाक्यावर "कशावरून?" विचारणारं कुणीतरी गाठा, भले तो वर्गमित्र असो. चिडचिड होईल. मला तर रडू यायचं.

माझी एक पद्धत सांगते. एकच माणूस घ्यायचा, समजा चारचौघांत न बोलणारी मुलगी, आणि प्रत्येक उपपत्तीला विचारायचं: ही अशी का? फ्रॉइड बालपणातला संघर्ष शोधेल, बांडुरा तिने कुणाला पाहिलं ते विचारेल, रॉजर्स तिला कोणत्या अटींवर प्रेम मिळालं ते. आयझेंक मेंदूच्या उद्दीपनाकडे बोट दाखवेल. कोण बरोबर हे ठरवायची घाई नको, कारण प्रत्येक जण मुळात वेगळाच प्रश्न सोडवतोय. हे कळायला मला दोन सत्रं लागली.

राहता राहिला कॅटेल. त्याचे व्यक्तिमत्त्वाचे सोळा घटक पाठ करायचे का, असं सगळे विचारतात. परीक्षेपुरते करा. मीही केले होते. आज मोजून नऊ आठवतात.