अमेरिकेत ज्युनियर कॉलेजकडून बास्केटबॉल खेळायचे असेल तर: मराठी पालकांसाठी आणि खेळाडूंसाठी तयारीची यादी

अमेरिकेतील ज्युनियर कॉलेज म्हणजे आपल्याकडची अकरावी-बारावी नव्हे, तर हायस्कूलनंतरची दोन वर्षे होत, आणि ती संपवून खेळाडू चार वर्षांच्या विद्यापीठाच्या संघात जाऊ शकतो. एनबीए या अमेरिकी व्यावसायिक लीगचा खेळाडू जिमी बटलर टेक्सासच्या टायलर ज्युनियर कॉलेजमधून मार्क्वेट विद्यापीठात गेला. शेरिल स्वूप्स साऊथ प्लेन्स कॉलेजमधून टेक्सास टेकला गेली आणि तिथे १९९३ च्या महिलांच्या राष्ट्रीय अंतिम सामन्यात तिने ४७ गुण नोंदवले. ही नावे पालकांना सांगितली की डोळ्यांपुढे लगेच एनबीए येते, पण तयारी करताना नजर तिसऱ्या वर्षावर असावी, म्हणजे ही दोन वर्षे संपल्यावर मुलाला कोण घेणार आणि त्याची किती क्रेडिट्स (पूर्ण केलेल्या विषयांचे श्रेयांक) धरली जाणार यावर.

म्हणूनच यादीतले पहिले काम गुणपत्रिकेचे आहे. हायस्कूलच्या समुपदेशकाकडून अधिकृत ट्रान्सक्रिप्ट (गुणपत्रिका) मागवून घ्यावी आणि एनसीएए या विद्यापीठीय खेळांच्या संघटनेने ठरवून दिलेले १६ मूळ विषय पूर्ण होत आहेत का, हे अकरावीतच तपासावे. ही पात्रता ज्याची आधीच पूर्ण झाली असेल त्याला पुढे बदलीच्या वेळी मोकळीक मिळते. ज्याची नसेल त्याला डिव्हिजन वनच्या, म्हणजे एनसीएएच्या सर्वोच्च विभागातल्या, विद्यापीठात खेळण्यापूर्वी ज्युनियर कॉलेजची पदवी पुरी करावी लागते. डिव्हिजन वनमध्ये बदली घेताना हस्तांतरित होणाऱ्या विषयांत २.५ चा जीपीए (गुणांची सरासरी) अपेक्षित असतो आणि शारीरिक शिक्षणाची क्रेडिट्स मोजकीच धरली जातात, त्यामुळे पहिल्या सत्रात ‘सोपे विषय’ घ्यायला सांगणाऱ्या प्रशिक्षकाचे ऐकण्यापूर्वी पुढच्या विद्यापीठाचा अभ्यासक्रम पाहून घ्यावा. खेळाडूंच्या पात्रतेच्या वर्षांवरून अमेरिकेत सध्या न्यायालयीन वाद चालू आहेत आणि नियम बदलत आहेत, तेव्हा एखाद्या मोठ्या भावाला तीन वर्षांपूर्वी लागू झालेला नियम आपल्यालाही लागू होईल असे गृहीत धरू नये.

दुसरे काम कॉलेजे निवडण्याचे. ज्युनियर कॉलेजांच्या खेळांसाठीच्या एनजेसीएए या संघटनेत तीन विभाग आहेत: पहिल्या विभागातील कॉलेज शिक्षणशुल्कासह राहण्या-जेवणाचाही खर्च देऊ शकते, दुसऱ्यात शुल्क आणि पुस्तके यांपुरतीच मदत मिळते, तर तिसऱ्यात खेळासाठी शिष्यवृत्तीच नसते. कॅलिफोर्नियातील कम्युनिटी कॉलेजांची संघटना वेगळी आहे आणि तिथेही क्रीडा शिष्यवृत्ती दिली जात नाही; मात्र सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियात किंवा लॉस एंजेलिसजवळ राहणाऱ्या मुलाला घरून ये-जा करून कमी शुल्कात शिकता येते, आणि हिशेब मांडला तर कित्येकदा हाच पर्याय दूरच्या कॅन्सस राज्यातल्या अर्धवट शिष्यवृत्तीपेक्षा स्वस्त पडतो. (घरून दूर जायचे असल्यास शाकाहारी मुलाने वसतिगृहातील जेवणाची चौकशी आधीच करावी. आई करणारच, पण त्याने स्वतः करावी.)

निवडलेल्या प्रत्येक कॉलेजची चालू संघयादी उघडून आपल्या खेळण्याच्या जागेवर (पोझिशनवर) दुसऱ्या वर्षाचे किती खेळाडू आहेत ते मोजावे, कारण दोन वर्षांच्या कॉलेजात दर वर्षी संघाचा मोठा भाग निघून जातो आणि त्याच जागा भरायच्या असतात. तिथले तीन पॉइंट गार्ड (चेंडू पुढे नेऊन खेळ रचणारे खेळाडू) पहिल्या वर्षात असतील तर चौथ्याला बोलावणे आले तरी खेळायला मिळेलच असे नाही. मागच्या काही हंगामांतले खेळाडू पुढे कुठे गेले, हेही प्रशिक्षकाला स्पष्ट विचारावे. सांगण्यासारखे असेल तर तो आनंदाने सांगतो.

व्हिडिओ तीन-चार मिनिटांपेक्षा लांब नको, त्यात प्रत्येक क्षणी आपण कोण ते जर्सी क्रमांकासह कळले पाहिजे, आणि डंक व तीन गुणांच्या फेकींबरोबर बचाव, पासिंग व रिबाउंडही दिसले पाहिजेत. त्याच्यासोबत दोन संपूर्ण सामन्यांचे चित्रण द्यावे, कारण चेंडू हातात नसताना खेळाडू काय करतो हे निवडक क्षणांतून समजत नाही. उंची बूट काढून मोजलेली लिहावी; दोन इंच वाढवून लिहिलेली उंची पहिल्याच भेटीत उघडी पडते.

प्रशिक्षकाला ईमेल खेळाडूनेच लिहावी आणि फोनवरही त्यानेच बोलावे. आपल्या घरांत वडील पुढे होऊन सगळे विचारतात, पण प्रशिक्षकाला दोन वर्षे ज्याच्याबरोबर काढायची आहेत त्याचाच आवाज ऐकायचा असतो. ईमेलमध्ये हायस्कूल पूर्ण होण्याचे वर्ष, खेळण्याची जागा, उंची, जीपीए, व्हिडिओची लिंक आणि शाळेच्या प्रशिक्षकाचा संपर्क एवढे पुरे. ज्युनियर कॉलेजांची निवड वसंतात आणि पुष्कळदा उन्हाळ्यापर्यंत चालते, म्हणून डिसेंबरपर्यंत उत्तर आले नाही तरी हंगामाची नवी आकडेवारी जोडून पुन्हा लिहावे. चाचणीला बोलावल्यास डॉक्टरांचे तंदुरुस्तीचे प्रमाणपत्र जवळ असू द्यावे.

व्हिसाच्या बाबतीत मराठी कुटुंबांनी विशेष जागरूक राहावे. एच-फोर (एच-वन-बी व्हिसावर नोकरी करणाऱ्यांच्या कुटुंबीयांच्या) व्हिसावरील मुलांना फाफ्सा या शिक्षणसाहाय्याच्या अर्जामार्फत मिळणारी केंद्रीय मदत मिळत नाही, आणि वयाच्या २१ व्या वर्षी तो दर्जा संपतो. ज्युनियर कॉलेजमधून विद्यापीठात बदली होण्याचा काळ नेमका त्याच सुमारास येऊ शकतो, त्यामुळे एफ-वन या विद्यार्थी व्हिसाची आखणी पहिल्या वर्षापासूनच करावी. महाराष्ट्रातून थेट येणाऱ्या खेळाडूने बारावीच्या गुणपत्रिकांचे मूल्यांकन आणि इंग्रजीची परीक्षा यांना वेळ ठेवावा. कॉलेजकडून आय-ट्वेंटी (विद्यार्थी व्हिसासाठी लागणारे कॉलेजचे पत्र) मिळण्यासाठी पहिल्या वर्षाच्या खर्चाची तजवीज दाखवावी लागते आणि अर्धवट शिष्यवृत्ती असेल तर उरलेली रक्कम कुटुंबाला दाखवावी लागते.

शेवटी लेटर ऑफ इंटेंटवर (त्या कॉलेजकडून खेळण्याच्या करारपत्रावर) सही करण्यापूर्वी ते शांतपणे वाचावे. ते एकाच शैक्षणिक वर्षापुरते असते, त्यामुळे दुसऱ्या वर्षाची शिष्यवृत्ती कोणत्या अटींवर मिळेल, दुखापत झाल्यास काय होईल, उन्हाळी सत्राचे शुल्क कोण भरेल आणि सुट्टीत वसतिगृह बंद झाल्यास मुलाने कुठे राहायचे, या चार प्रश्नांची उत्तरे ईमेलवर लेखी मागून घ्यावीत आणि ती आल्यावरच सही करावी.