आजीचे दीर्घ आयुष्य कागदावर कसे आणावे

नव्वदी ओलांडलेली आजी गेली की खान्देशात दहाव्यापर्यंत दारावर येणाऱ्यांची रीघ लागते, आणि त्या दिवसांत ओट्यावर बसून तिच्याविषयी जेवढे बोलले जाते तेवढे तिच्या हयातीतही कधी बोलले गेलेले नसते. कोणी तिच्या माहेरच्या मळ्याची गोष्ट सांगतो, कोणी दुष्काळातली, कोणी तिने गावात केलेल्या बाळंतपणांची. गंधमुक्तीचा कार्यक्रम आटोपून पाहुणे सुरतेकडे आणि पुण्याकडे परतले की हे सगळे पांगते. लेखी उरते ती वर्तमानपत्रातील चार ओळींची निधनवार्ता, जिच्यात वयाचा आकडा आणि मुलानातवंडांची मोजदाद असते, पण आजी नसते. त्या चार ओळींच्या जागी सोळा पानांची एक पुस्तिका कशी तयार करावी, हे येथे सांगायचे आहे. आजी हयात असेल तर काम आजच सुरू करावे. ती गेली असेल तर वर्षश्राद्धाच्या दिवशी पुस्तिका हाती यावी, असा बेत ठेवावा.

पुस्तिकेचा सर्वांत चांगला नमुना मला आफ्रिकन-अमेरिकन कुटुंबांच्या रीतीत सापडतो. त्यांच्यात घरची वडीलधारी बाई गेली की अंत्यविधीला आलेल्यांच्या हाती तिच्या आयुष्याची छापील पुस्तिका देण्याची पद्धत आहे. जन्म कोठे झाला, आईवडील कोण, ती कोणत्या चर्चमध्ये वाढली, शाळा किती झाली, पोटासाठी कोणकोणती कामे केली, लग्न, मुले, तिच्याआधी गेलेली माणसे, मागे राहिलेली माणसे, आणि तरुणपणापासूनची छायाचित्रे, असा तिचा साधारण क्रम असतो. जॉर्जिया राज्याच्या डिजिटल ग्रंथालयाने अशा पुस्तिकांचा संग्रहच सर्वांसाठी खुला केला आहे. या जपणुकीमागे मोठा इतिहास आहे. अमेरिकेच्या 1850 आणि 1860 च्या जनगणनेत गुलामांच्या वेगळ्या याद्या झाल्या. त्यांत नाव मालकाचे लिहिले जाई आणि त्याखाली गुलाम माणसांचे केवळ वय, लिंग व वर्ण. मुक्त झालेल्या या लोकांची नावे देशाच्या जनगणनेत प्रथम आली ती 1870 मध्ये. पुढे 1910 ते 1970 या काळात सुमारे साठ लाख आफ्रिकन-अमेरिकन लोक दक्षिणेतील राज्ये सोडून उत्तरेकडील व पश्चिमेकडील शहरांत गेले आणि कुटुंबे दूरदूर विखुरली. अशा कुटुंबांत आजीचे नाव, तिचे गाव आणि तिची माणसे एका जागी लिहून ठेवण्याला किती मोल असेल, हे वेगळे सांगायला नको.

आपल्या आज्यांचे आयुष्य त्या अत्याचाराच्या तोलाचे होते, असे मला मुळीच म्हणायचे नाही. परंतु कागदावर नाव नसणे आपल्यालाही परके नाही. 1951-52 च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी देशातील सुमारे 28 लाख स्त्रिया मतदार यादीतून वगळल्या गेल्या, कारण त्यांनी स्वतःचे नाव न सांगता अमक्याची बायको किंवा अमक्याची आई एवढेच सांगितले होते. त्यांतील बहुतेक उत्तरेकडील राज्यांतल्या असल्या, तरी आपल्या घरात आजीचे माहेरचे नाव किती नातवंडांना ठाऊक आहे, हे एकदा विचारून पाहावे.

नाव आणि वर्ष

म्हणून कामाची सुरुवात माहेरच्या नावापासून करावी. लग्नात नाव बदललेले असेल तर दोन्ही नावे, माहेरचे आडनाव, आईचे नाव आणि आईचे माहेर, एवढे पहिल्याच बैठकीत लिहून घ्यावे. आजीकडून हे मिळण्यासारखे नसेल तर तिच्या माहेरच्या गावच्या तलाठी कार्यालयात तिच्या वडिलांच्या शेतजमिनीचे जुने फेरफार पाहावेत. वडिलांच्या मृत्यूनंतरच्या वारस नोंदीत मुलींची नावे आली असतील, तर पुढे हक्कसोड करून ती सातबाऱ्यावरून उतरली तरी फेरफारात राहतात. ती कधी शाळेत गेली असेल तर शाळेचे जनरल रजिस्टर पाहावे. मात्र त्यात जन्मतारीख 1 जून असेल तर ती गुरुजींनी अंदाजाने घातलेली असण्याचाच संभव अधिक, आणि आधारवरील 1 जानेवारीचेही तसेच आहे. जुन्या जन्ममृत्यूच्या नोंदी गाव नमुना 14 मध्ये, म्हणजे लोक ज्याला कोतवाल बुक म्हणतात त्यात, मिळू शकतात. ते बहुधा तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात असते आणि अर्ज करून नक्कल घेता येते. नाशिक व त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांच्या नामावळीच्या वह्या वंशावळीसाठी फार उपयोगी आहेत, पण त्यांत पुरुषांच्या नावांची गर्दी असते. तुमच्या समाजात वही घेऊन येणारे भाट असतील तर त्यांनाही विचारावे.

तारीख सापडली नाही तर निराश होण्याचे कारण नाही, कारण आपल्या आज्या आकड्यांनी नव्हे तर घटनांनी काळ मोजतात. त्यामुळे प्रश्नही तसाच विचारावा. "तुझे लग्न कोणत्या साली झाले?" असे विचारले तर उत्तर येत नाही, "नंदुरबारला गोळीबारात शाळकरी पोरे गेली तेव्हा तू माहेरी होतीस की सासरी?" असे विचारले की ती लगेच सांगते, आणि ती घटना 9 सप्टेंबर 1942 ची असल्याने लग्नाचा काळ एकदम जवळ येतो. खान्देशच्या पूर्व भागातील घरांत डिसेंबर 1936 चे फैजपूरचे काँग्रेस अधिवेशन ही अशीच खूण आहे, कारण ते खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन होते आणि त्याची चर्चा घराघरांत होती. गांधीजींची हत्या, 1957 मध्ये आलेले नवे पैसे, 1972 चा दुष्काळ या खुणा सगळ्या खान्देशात चालतात. दुष्काळाविषयी तर वेगळा वेळ द्यावा. खडी फोडायला ती कोणत्या कामावर जात होती, तेव्हा कडेवर कोणते मूल होते, सुकडी, म्हणजे कामावर मिळणारा पौष्टिक खाऊ, घरी कशी आणली, लाल मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीची, भाकरी कशी लागत होती, हे विचारले की त्या मुलाच्या वयावरून इतर भावंडांची वर्षेही जुळवता येतात.

मुलांचा क्रम लावताना गेलेली लेकरे वगळू नयेत. घरात ज्याचा उल्लेख कोणी करत नाही असे एखादे मूल आजीच्या मनात मात्र असते. तिने सांगितले तर त्याचे नाव, नाव ठेवलेले नसेल तर नुसता जन्म, पुस्तिकेत इतर मुलांच्या बरोबरीने लिहावा.

कोणी विचारावे

विचारणारा कोण आहे, यावर उत्तर ठरते. अमेरिकेत 1936 ते 1938 या काळात सरकारी लेखक प्रकल्पाने गुलामगिरीत जन्मलेल्या वृद्धांच्या दोन हजार तीनशेहून अधिक मुलाखती नोंदवल्या, आणि त्यांतून आज जे हाती आहे त्याची किंमत होणार नाही. तरीही मुलाखत घेणारे बहुतांशी गोरे होते, कधी कधी जुन्या मालकाच्याच गावचे होते, आणि सांगणारे वृद्ध त्यांच्यापुढे हात राखून बोलत, असे अभ्यासकांचे मत आहे. आजी मुलगा समोर असताना सासूविषयी बोलणार नाही, सून समोर असताना मुलाविषयी बोलणार नाही. लेक किंवा नात एकटी बसली तर ती मोकळी होते. दुपारची जेवणे उरकल्यावर, हातात निवडायला काहीतरी देऊन, पाऊण तासापेक्षा जास्त न बसता बोलावे. मोबाइल फ्लाइट मोडवर टाकून तिच्याजवळ ठेवावा आणि पंखा बंद करावा, नाहीतर नंतर ऐकताना अर्धे शब्द जातात. ध्वनिमुद्रण करत आहोत हे तिला आधी सांगावे, आणि "हे लिहू नको" असे ती म्हणाली तर ते लिहू नये.

तिची भाषा बदलू नये, याविषयी माझा आग्रह आहे. ती अहिराणी बोलत असेल, लेवा गणबोली, गुजरी, भिली किंवा पावरी बोलत असेल, तर तिची वाक्ये तशीच उतरवावीत आणि नव्या पिढीसाठी अर्थ खाली द्यावा. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांची गाणी आपल्यापर्यंत आली ती मुलगा सोपानदेव आणि एका नातलगाने ती त्यांच्याच बोलीत उतरवून ठेवली म्हणून, आणि ती ग्रंथरूपाने आली 1952 मध्ये, म्हणजे त्यांच्या निधनानंतर. प्रत्येक आजी बहिणाबाई नसते, पण जात्यावरची एखादी ओवी, आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, झोक्यावरचे एखादे गाणे प्रत्येकीजवळ असते.

बोलणे अडले तर वस्तू पुढे ठेवाव्यात. जुन्या गोधडीइतकी उपयोगी वस्तू दुसरी नाही. ती अंगणात उलगडून आजीला एकेका ठिगळावर बोट ठेवायला सांगावे: हे लग्नातले लुगडे, हा आजोबांचा बाराबंदीचा तुकडा, हे मोठ्या मुलीचे परकर. अमेरिकेतील अलाबामा राज्यात गीज बेंड नावाची वस्ती तेथील स्त्रियांच्या गोधड्यांसाठी प्रसिद्ध आहे, आणि मिझूरी पेटवे या बाईने नवरा गेल्यावर त्याच्या कामाच्या कपड्यांची गोधडी 1942 मध्ये त्याच्या आठवणीसाठी शिवली होती. आपल्या घरातही अशी गोधडी असण्याची पुरेपूर शक्यता आहे. तिचे उजेडात छायाचित्र घ्यावे आणि कोणते ठिगळ कोणाचे ते लिहून ठेवावे. जुन्या छायाचित्रांच्या मागे नावे मऊ पेन्सिलीने लिहावीत, बॉलपेनने लिहू नयेत, कारण त्याचा व्रण पुढच्या बाजूला उमटतो.

लिहिताना

निधनवार्तेची भाषा पुस्तिकेत आणू नये. "त्या अत्यंत प्रेमळ, मनमिळाऊ व धार्मिक वृत्तीच्या होत्या" हे वाक्य कोणाच्याही आजीला लागू पडते, म्हणून ते कोणाचेच नसते. त्याऐवजी तिने केलेले एखादे काम नीट लिहावे. उदाहरणार्थ, बिबडे म्हणजे ज्वारीचे पापड करण्याविषयी: "चैत्र लागला की ती बिबड्यांसाठी ज्वारी तीन दिवस भिजत घालायची. शिजलेल्या पिठात लसूण आणि तीळ किती पडले हे ती वासावरून सांगायची, आणि पहाटे घराच्या धाब्यावर ओल्या फडक्यावर थापायला बसली की ऊन चढायच्या आत शेजारच्या दोन घरांचेही थापून व्हायचे. शेवटचे बिबडे ती स्वतः थापायची, ते पातळ असायचे आणि ते लेकींच्या डब्यात जायचे." एवढ्यात तिचा प्रेमळपणा वाचणाऱ्याला कळतो. कष्ट लिहावेत, तिचा राग आणि तिची भांडणेही लिहावीत. नव्वद वर्षे जगलेल्या बाईला केवळ सोशीक म्हणून दाखवणे हा तिच्यावर अन्याय आहे.

मजकूर जमवण्यासाठी दोन दिवस फार सोयीचे असतात. एक आखाजी, जेव्हा लेकी माहेरी येतात आणि पितरांसाठी घागर भरली जाते, आणि दुसरा श्रावणातील कानबाई या खान्देशी कुलदेवतेचा उत्सव, जेव्हा रोटांसाठी सारी भाऊबंदकी एका घरात जमते. कच्चा मजकूर तेव्हा मोठ्याने वाचून दाखवावा. नावे, नाती आणि गावे यांच्या चुका तिथेच निघतात, आणि ऐकता ऐकता नवीन आठवणीही येतात. दोघांच्या आठवणी जुळत नसतील तर निवाडा करत बसू नये. दोन्ही लिहून कोणी काय सांगितले ते नमूद करावे.

छपाईचे काम अवघड नाही. मध्ये पिना मारलेल्या पुस्तिकेची पाने चारच्या पटीत लागतात, म्हणून सोळा पाने धरावीत. टंकलेखन युनिकोडमध्येच करून घ्यावे, म्हणजे तोच मजकूर पुढे मोबाइलवरही वाचता येतो, आणि छायाचित्रे किमान 300 डीपीआयवर स्कॅन करावीत. ध्वनिमुद्रणाच्या प्रती दोन वेगवेगळ्या घरांत ठेवाव्यात. प्रती वाटताना पहिली तिच्या माहेरी पाठवावी, मग प्रत्येक लेकीला, मग मुलांना, आणि एक गावच्या वाचनालयात द्यावी. शेवटची दोन पाने कोरी ठेवून त्यांच्या माथ्यावर "दुरुस्ती व भर" एवढेच छापावे. कोणाला काही सांगायचे असेल तर त्याने तेथे आपले नाव व तारीख घालून लिहावे.