जिताड्याचे व्हिडिओ बघायला बसण्याआधी

पाऊस ओसरला की कोकणातल्या खाड्यांवर गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला, जाणाऱ्यांचे व्हिडिओ यूट्यूबवर रोज पडू लागतात. त्यातून जिताडा या माशाची नोंद ठेवायची असेल तर पहिला व्हिडिओ लावण्याआधीच वही आखा. बघता बघता रकाने वाढवलेत तर मागचं सगळं पुन्हा बघावं लागेल.

आधी नावं. रायगडातला जिताडा गोव्यात चोणक होतो आणि रॉडवाली तरुण मंडळी त्याला बारामुंडी म्हणतात. तिन्ही नावं देवनागरीत लिहा, रोमनमध्येही लिहा, चुकीच्या स्पेलिंगांसकट. शोध लॉग-इन न करता घ्या आणि त्याची तारीख टिपा.

मग रकाने. व्हिडिओची लिंक, चॅनेलच्या नावाऐवजी एक क्रमांक, अपलोडची तारीख आणि मासा लागल्याची तारीख वेगळी, कारण जुलैत टाकलेला व्हिडिओ मे महिन्यातला असू शकतो. आमिष जिवंत कोळंबी की ल्युअर (नकली आमिष), उधाण की भांग (मोठी भरती की लहान), किती लागले, किती सोडले. पाण्यात परत जाताना दिसला तरच 'सोडला' लिहायचं. तोंडी सांगण्यावर नाही.

लांबीच्या रकान्यावर मात्र जरा बसा. जिताडा आधी नर असतो आणि वाढल्यावर त्याची मादी होते, म्हणजे थंबनेलवर मिरवणारा दांडगा मासा बहुधा अंडी देणारी मादी. आकारच चुकला तर बाकीच्या नोंदींचा फारसा उपयोग नाही. आणि हात ताणून कॅमेऱ्यापुढे धरलेला मासा केवढा दिसतो, हे गरवणाऱ्याला सांगायला नको! टेप लावून मोजलेली लांबी एका रकान्यात, तुमचा अंदाज दुसऱ्यात, त्याने सांगितलेलं वजन तिसऱ्यात. तिन्हींची सरासरी कधीच काढू नका.

रिकाम्या हाताने परतलेला माणूस सहसा व्हिडिओ टाकत नाही. टाकलाच, तर तिथे शून्य लिहा, रकाना कोरा सोडू नका. एवढं करूनही खाडीत मासे किती, हे यातून कळत नाही. तुलना मात्र जमते: संशोधकांनी इटलीतल्या यूट्यूब व्हिडिओंवरूनच डेंटेक्स माशाची गळाने आणि पाण्याखाली भाल्याने होणारी शिकार ताडून पाहिली. आपल्याकडे ल्युअर आणि कोळंबी अशी तुलना करता येईल. शिवाय दोन-चार रविवारी धक्क्यावर जाऊन रॉड किती आणि त्यातले शूटिंग करणारे किती, ते मोजून या.

जागा लपवलेली असेल तर मागचं देऊळ किंवा पूल ओळखून ती उघड करू नका, खाडीचं नाव पुरे. चेहरे असलेले स्क्रीनशॉट साठवू नका.

शेवटी दोघांनी तेच वीस व्हिडिओ वेगवेगळे बसून भरा आणि वह्या शेजारी ठेवा. जिथे उत्तरं जुळत नाहीत, त्या रकान्याचा नियम पुन्हा लिहा, मगच एकविसावा लावा.