नेव्हीत निवड झाली, पोरगं चिल्काला निघालं: आता घरच्यांनी काय करायचं

नेव्हीत निवड झालेल्या मुलाच्या घरी पहिल्या आठवड्यात जो तो सल्ला द्यायला येतो. 'मन घट्ट करा', 'तो आता देशाचा झाला', 'तिकडे फार रगडतात म्हणे'. यातलं एकही वाक्य आईवडिलांच्या उपयोगाचं नाही. माझा मुलगा गेला, मग भाची गेली, आणि तेव्हापासून धनकवडी-कात्रज भागातल्या बऱ्याच घरांतून मला फोन येतात. म्हणून जे खरंच करावं लागतं ते क्रमाने लिहिते. अग्निवीर म्हणून, म्हणजे चार वर्षांसाठी, नेव्हीत भरती झालेल्या मुलामुलींचं सुरुवातीचं ट्रेनिंग ओडिशात, चिल्का सरोवराजवळच्या 'आयएनएस चिल्का'ला होतं. साधारण चार महिन्यांचा तो काळ. मी 'मुलगा' म्हणत असले तरी अग्निवीरांच्या अगदी पहिल्या तुकडीपासून मुलीही तिथे आहेत, त्यांनाही हे सगळं तसंच लागू.

कागद

कागदपत्रांची यादी कॉल लेटरमध्ये असते, ती लावाल तुम्ही. मी फक्त एक गोष्ट तपासायला सांगते: नावं. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येतं, आधारवर बहुतेकदा स्वतःचं नाव आधी, पॅनवर वडिलांच्या नावाचं एक अक्षर वेगळं, आणि आईचं नाव प्रत्येक कागदावर निराळ्या स्पेलिंगचं. सगळे कागद जेवणाच्या टेबलावर एका ओळीत मांडा आणि अक्षर न् अक्षर बोट ठेवून वाचा. दुरुस्ती पुण्यात बसून होते, चिल्काहून फार जड जाते. पोलीस पडताळणीचं कामही शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका.

फ्लेक्स थांबवा

चौकात अभिनंदनाचा फ्लेक्स, ढोल-ताशा, तालमीतर्फे सत्कार हे सगळं नंतर. कॉल लेटर आलं म्हणजे भरती पक्की झाली असं नसतं. चिल्काला पोचल्यावर अंतिम वैद्यकीय तपासणी होते आणि त्यात काही मुलं अनफिट ठरून घरी परततात. त्यांना अपीलाची संधी असते, पण ज्याच्या नावाचा फ्लेक्स अजून चौकात लटकतोय त्या मुलाला गल्लीत पाऊल टाकणं नकोसं होतं. अठरा-एकोणीस वर्षांच्या पोराला ही शिक्षा आपण का द्यायची? हौस मलाही कळते. मेडिकल पार पडल्याचा निरोप येऊ द्या, मग पेढे वाटा.

याच दिवसांत 'मेडिकल सेट करून देतो' म्हणणारा कोणीतरी भेटतो. त्याला चहासुद्धा विचारू नका.

निघण्यापूर्वी शरीर

पळणं तो करतोच, तळजाईवर किंवा पर्वतीवर. राहतं ते पोहणं. विहिरीत सूर मारता येतो म्हणजे पोहता येतं, असं नाही. खोल पाण्यात न घाबरता तरंगत राहता आलं पाहिजे, कारण ट्रेनिंगमध्ये पोहण्याची चाचणी असते. जवळच्या तलावावर महिनाभर पाठवा.

फोन: खरं काम इथे आहे

बाकी सगळं कोणीही निभावतं. घरोघरी गाडी अडते ती फोनवर, आणि मलाही सगळ्यात जड गेलं ते हेच. म्हणून इथे सविस्तर लिहिते.

मोबाईल मुलाच्या हातात दिवसभर नसतो. बोलायला ठरलेली वेळ मिळते, ती थोडी असते आणि मागे रांग असते. नियम बॅचप्रमाणे बदलतात, तेव्हा शेजारच्यांच्या मुलाचा रोज फोन येतो आणि आपल्याचा का नाही, ही तुलना करू नका. फोन आला नाही म्हणजे काहीतरी झालंय, असं धरून चालू नका. पहिले दिवस तपासणी, कागदपत्रं, केस कापणं, किट घेणं, डिव्हिजन म्हणजे ट्रेनिंगमधला आपला गट ठरणं यातच जातात.

फोन अनोळखी नंबरवरून येऊ शकतो. आपल्याकडे अनोळखी नंबर म्हणजे कर्जवाले किंवा प्लॉटवाले, म्हणून बरेच वडील तो कट करतात. मोबाईलमधली अनोळखी कॉल आपोआप बंद करणारी सोय या चार महिन्यांसाठी काढून टाका. वडील चाकणला शिफ्टमध्ये असतील आणि आत फोन नेता येत नसेल, तर मुलाला जाण्यापूर्वीच सांगून ठेवा की आधी कोणाला लावायचा आणि लागला नाही तर मग कोणाला.

आता तो फोन. पहिल्या तीन-चार आठवड्यांत कधीतरी तो येतोच. आवाज बसलेला असतो, आणि "कसा आहेस?" विचारल्यावर दोन सेकंद काहीच ऐकू येत नाही. मग: "आई, मला नाही राहायचं इथं. मला घेऊन जा."

या क्षणी आईवडील दोनपैकी एक गोष्ट करतात आणि दोन्ही घातक आहेत. एक, "ये बाळा परत, काही नको ती नोकरी." दुसरी, "लोक काय म्हणतील? भरतीसाठी किती पळालास, अकॅडमीला किती पैसे घातले!" पहिल्याने त्याच्यासाठी दार उघडतं आणि त्या दाराकडे बघत तो पुढचे सगळे दिवस काढतो. शिवाय अग्निवीराला चार वर्षांच्या आत मनाला येईल तेव्हा सोडता येत नाही, अपवादात्मक कारणं आणि वरिष्ठांची मंजुरी लागते. म्हणजे तुम्ही त्याला जे देऊ करताय ते तुमच्या हातातच नाही. दुसऱ्याने तो पुढच्या वेळी खरं सांगणंच बंद करतो, आणि ते मला पहिल्यापेक्षाही वाईट वाटतं.

मग बोलायचं काय? "अवघड जातंय ना. सांग." एवढंच म्हणा आणि गप्प बसा. त्याला रडायचं असेल तर रडू दे, त्याच्या मिनिटांतलं एक मिनिट त्यात गेलं तरी चालेल. आपण त्याच्यासोबत रडायचं नाही. फोन ठेवल्यावर पोटभर रडा, त्याला ऐकू जाता कामा नये. मग छोटे प्रश्न विचारा, ज्यांची उत्तरं त्याला विचार न करता देता येतील. आज जेवायला काय होतं? शेजारच्या बेडवर कुठला मुलगा आहे? परेड झाली की पाय दुखतात का? शेजारचा बिहारचा आहे की केरळचा हे सांगता सांगता आवाज मोकळा होतो. शेवटी पुढच्या फोनचं बोलून ठेवा: "रविवारी बोलू, तेव्हा पोहण्याचं काय झालं ते सांग." त्याला चार महिने दिसत नाहीत, रविवार दिसतो.

मी एका कागदावर हे प्रश्न लिहून फ्रीजवर चिकटवले होते, कारण त्या क्षणी आपलंच डोकं चालत नाही. तुम्हीही चिकटवा. आणि बोलणारा एकच असू द्या. स्पीकर लावून आजी, काका, धाकटी बहीण सगळे "हॅलो, हॅलो" करतात आणि त्यातच वेळ संपतो. बाकीच्यांनी आपापली पाळी दुसऱ्या फोनला घ्यावी.

पायांबद्दल मी मुद्दाम विचारायला सांगते. रोजचं पळणं आणि ड्रिल अचानक वाढलं की नडगी दुखते. स्नायूंचं साधं दुखणं विश्रांतीने उतरतं. पण नडगीच्या हाडावर एकाच जागी बोट ठेवता येईल असं दुखत असेल, विश्रांतीतही राहत असेल, तर ती हाडाला गेलेली बारीक चीर असू शकते. मुलं हे लपवतात, कारण ट्रेनिंग चुकलं की रेलिगेट होऊन मागच्या बॅचमध्ये जाण्याची भीती असते. लपवून पळत राहिलं तर चीर वाढते आणि मग मागे जाणं टळतच नाही. चिल्काला नेव्हीचं स्वतःचं हॉस्पिटल आहे, आयएनएचएस निवारिणी. "आजच इन्स्ट्रक्टरना सांग आणि दाखवून ये" हे आईवडिलांच्या तोंडून स्पष्ट गेलं पाहिजे. "जरा सहन कर" म्हणणाऱ्या वडिलांवर मला मनापासून राग येतो. आणि रेलिगेट झालाच, तर घरात सुतकी चेहरे नकोत. ट्रेनिंग पूर्ण झाल्याची तीच पासिंग आउट परेड काही आठवडे उशिरा होते.

आता वेगळ्या प्रकारचा फोन ओळखा. रडणं, चिडणं, घरची आठवण हे नेहमीचं. पण आठवडेच्या आठवडे झोप नाही, जेवण तुटलंय, बोलणं एकदम सपाट झालंय, किंवा 'जगून काय करू' अशा अर्थाचं एक वाक्य जरी आलं, तर ते 'होमसिक' म्हणून सोडू नका. तारीख आणि त्याचे शब्द जसेच्या तसे लिहून घ्या आणि त्याच दिवशी त्याच्या डिव्हिजनल ऑफिसरपर्यंत पोचवा. प्रत्येक डिव्हिजनला असा अधिकारी असतो आणि मुलांची काळजी घेणं हे त्याचं कामच असतं. त्याचं नाव आणि संपर्काचा मार्ग पहिल्याच फोनमध्ये विचारून ठेवा. फोनवर आवाज चढवू नका, "माझ्या ओळखी आहेत" म्हणू नका, काय ऐकलंत तेवढं सांगा. आणि तुमचीच झोप उडाली असेल तर १४४१६ ही मानसिक आरोग्याची टेलिमानस हेल्पलाइन मराठीतही बोलते.

घरच्या बातम्यांचंही धोरण ठरवा. गॅस संपला, भाऊबंदकी, आजोबांचं पथ्य, बहिणीचं भांडण यातलं काही फोनवर नको. तो काहीच करू शकत नाही आणि रात्रभर तेच घोळवतो. घरात कोणी गेलं किंवा अतिगंभीर आजारी पडलं, तर मात्र लपवू नका. आधी डिव्हिजनल ऑफिसरला कळवा, मग मुलाला. 'परीक्षा होईपर्यंत सांगायचं नाही' म्हणून आजीचं जाणं लपवलेल्या घरात पुढे मुलगा किती दिवस आईशी नीट बोलला नव्हता, हे मी जवळून पाहिलंय.

पत्रं

लिहाच. पत्ता तो सांगेल तसाच, नाव, नंबर, डिव्हिजनसकट. पत्रात गल्लीतल्या साध्या गोष्टी लिहा: गणपतीच्या मंडपाचे खड्डे पुन्हा खणले, भाजीवाल्याने तुझी चौकशी केली. फोनवरची मिनिटं संपतात, पत्र दहा वेळा वाचता येतं. लाडू-चिवड्याचं पार्सल त्याला विचारल्याशिवाय पाठवू नका.

फसवणूक आणि फोटो

'तुमच्या मुलाला अपघात झालाय, लगेच पैसे टाका' असा फोन आला तर कट करा आणि युनिटमध्ये चौकशी करा. उपचारांसाठी नेव्ही आईवडिलांकडून यूपीआयवर पैसे मागत नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.

युनिफॉर्ममधला फोटो, डिव्हिजन, कुठे पोस्टिंग, कधी निघणार हे सोसायटीच्या ग्रुपवर टाकू नका. हेरगिरीचं प्रकरण उघडकीस आल्यावर २०१९च्या अखेरीस नौदलाने आपल्या लोकांना फेसबुक वापरायला बंदी घातली. मुलगा नियम पाळतो आणि मामा स्टेटस ठेवतो, असं घडताना मी पाहते. मामाला सांगा.

पगार

पहिल्या वर्षी महिना ३०,००० रुपये, त्यातले ९,००० सेवा निधीत जातात, हातात २१,०००. तेवढीच रक्कम सरकारही निधीत घालतं आणि चार वर्षांनी तो एकरकमी मिळतो. चार वर्षांनंतर नोकरीत कायम होतात ते जास्तीत जास्त २५ टक्के. त्यामुळे त्याच्या पगारावर घराचा हप्ता बांधू नका. हा पैसा त्याचा आहे आणि चार वर्षांनंतर शिकायला किंवा काही सुरू करायला त्याला तो लागेल.

पासिंग आउट परेड

तारीख आणि पालकांना बोलावणं अधिकृतपणे आलं की मगच तिकिटं काढा. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. पुण्याहून कोणार्क एक्सप्रेस थेट भुवनेश्वरला जाते, प्रवास दीड दिवसाच्या आसपास. चिल्कासाठी बालूगाव स्टेशन जवळ पडतं. आधारकार्ड प्रत्येकाचं मूळ घ्या. अग्निवीरांच्या पहिल्या तुकडीची परेड २८ मार्च २०२३ रोजी सूर्यास्तानंतर झाली होती, तेव्हा परेड सकाळीच असणार असं गृहीत धरून त्याच दुपारचं परतीचं तिकीट काढू नका. एक मुक्काम हाताशी ठेवा.

पुढे तो कुठे जाईल हे त्याच्या ब्रँचवर ठरतं. इंजिनिअरिंगला लोणावळ्याचं आयएनएस शिवाजी, इलेक्ट्रिकलला जामनगरचं आयएनएस वलसुरा, गनरीला, म्हणजे तोफांच्या कामाला, कोचीचं आयएनएस द्रोणाचार्य. पुणेकरांना लोणावळा मिळालं की दर रविवारी डबा घेऊन जायचे बेत सुरू होतात. तिथेही ट्रेनिंगच असतं आणि भेटीचे नियम असतात. तो बोलवेल तेव्हाच जा.

सुट्टीवर घरी आला की पहिले दोन दिवस कोणालाही बोलावू नका. तो पहाटे आपोआप उठेल, चादर ताणून घडी घालेल, ताटातलं झटपट संपवेल. त्यावर हसू नका आणि "किती बदललास" असं पाहुण्यांसमोर म्हणू नका. सत्कार तिसऱ्या दिवशी ठेवा, तोही त्याला विचारून.