आधी मशिन, मग फरशी: स्वयंपाकघर नव्याने करताना या चुका टाळा

स्वयंपाकघर नव्याने करायचं ठरलं की लोक पहिल्याच रविवारी टाइल्सच्या दुकानात जातात, आणि काम तिथेच बिघडायला लागतं. रंग पसंत पडतो, खोकी घरी येतात, गवंडी कामाला लागतो. फ्रिज कोणता, डिशवॉशर घ्यायचा की नाही, वॉशिंग मशिन कुठे बसणार, यातलं काहीच ठरलेलं नसतं. “ते नंतर सेलमध्ये बघू.” हे वाक्य कानावर आलं की मला पुढचे तीन महिने दिसायला लागतात.

पुण्यात मी वर्षानुवर्षं हीच कामं करतोय. माझा क्रम ठरलेला आहे: आधी मशिनं, मग फरशी, मग ओटा, शेवटी ट्रॉल्या. मशिन विकत आणून ठेवा असं म्हणत नाही. मॉडेल नक्की करा, त्याचं मापांचं पत्रक काढा आणि ते स्वयंपाकघराच्या भिंतीवर चिकटवा. ते पत्रक भिंतीवर दिसेपर्यंत मी गवंड्याला सिमेंटची गोणी फोडू देत नाही.

फरशीवर फरशी

म्हणजे जुनी फरशी न काढता तिच्यावरच नवी टाइल बसवणं. या एका गोष्टीवर मला सगळ्यात जास्त बोलायचंय, कारण हल्ली प्रत्येकाला हेच हवं असतं. तोडफोड नाही, धूळ नाही, सोसायटीची कटकट नाही, दोन दिवसांत काम उरकतं. पण हिशोब करा. टाइल ९ मिलिमीटर, खाली चिकटवायचा माल ४ ते ५ मिलिमीटर. जमीन १४ मिलिमीटर वर आली, म्हणजे साधारण साडेचार सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). “साडेचार सुतांनी काय होतंय?” असं विचारणारे खूप भेटतात. त्यांना मी कोथरूडच्या एका घराची हकिकत सांगतो.

जुनी सोसायटी, खाली मोझॅक, ओटा ३४ इंच उंच. वर १८ मिलिमीटरचा ग्रॅनाइट, खाली आधाराला कडप्पा, त्यामुळे ओट्याखाली मोकळी उंची राहिली ८२५ मिलिमीटर. घरातल्या वहिनींनी डिशवॉशर आधीच घेतला होता. मोठ्या डिशवॉशरची उंची ८५ सेंटिमीटरच्या आसपास असते, पण बऱ्याच मॉडेलांचं वरचं झाकण काढता येतं. यांचंही निघालं, मशिन ८२० वर आलं आणि पाच मिलिमीटरच्या फटीने ओट्याखाली बसलं. सहा महिन्यांनी, दिवाळीच्या तोंडावर, फरशीवर फरशी टाकायचं ठरलं. मी दुसऱ्या साइटवर होतो. गवंड्याचा फोन आला, “साहेब, मशिन कशाला हलवायचं? पुढून टाइल मारून घेतो.” मी हो म्हणालो. ती चूक माझी होती.

स्वयंपाकघर देखणं झालं. चौदा महिन्यांनी मशिन पाणी गळतंय म्हणून बंद पडायला लागलं. मेकॅनिक आला, त्याने मशिन पुढे ओढलं आणि ते टाइलच्या काठाला अडलं. बाहेर काढायचं तर १४ मिलिमीटर उचलायला हवं आणि वर जागा पाचच मिलिमीटर. पाय आधीच पूर्ण आत फिरवलेले. शेवटी पुढच्या दोन टाइल फोडल्या. हातोड्याच्या दणक्याने खालचा मोझॅकही सुटला, तेवढ्या भागाचा माल नव्याने भरावा लागला. शेजारच्या ट्रॉलीची प्लायची पट्टी साठलेल्या पाण्याने फुगली होती. तीच टाइल बाजारात शोधली, मिळाली नाही, आणि शिल्लक एकही ठेवलेली नव्हती. आज तिथे काळ्या ग्रॅनाइटचा तुकडा आहे. चार दिवस त्या घरातल्या आजी शेजाऱ्यांकडे जेवल्या, ते मला अजून बोचतं. आणि गळती कशाची? सांडपाण्याच्या नळीचा क्लॅम्प सैल झाला होता. दहा मिनिटांचं काम.

म्हणून माझ्या साइटवर टाइल मागच्या भिंतीपर्यंत जाते. मशिनखाली, ट्रॉलीखाली, फ्रिजखाली, सगळीकडे. “दिसत नाही तिथे कशाला टाइल” असं म्हणून दहा-बारा चौरस फूट वाचवणाऱ्यांशी मी वाद घालतो आणि बहुतेक वेळा जिंकतो. मशिन सरळ ओढून बाहेर आलं पाहिजे, एवढीच माझी अट.

ओटा जुनाच ठेवायचा असेल तर नवी टाइल धरून आधी मोकळी उंची मोजा. बसत नसेल तर जुनी फरशी काढा. धूळ होते, आवाज होतो, मजुरी जास्त लागते, पण पातळी आपल्या हातात राहते. फरशीवर फरशी मी अजिबात करत नाही असं नाही. जुनी फरशी काठीने ठोकून बघतो. पोकळ आवाज कुठेच आला नाही, दारांखाली जागा असली आणि ओट्याचं गणित जमलं, तर करतो. तेव्हाही गुळगुळीत मोझॅकवर आधी टाचे मारून घेतो, म्हणजे माल धरावा म्हणून छिन्नीने खाचा पाडतो.

माप जमिनीपासून घेऊच नका. काम सुरू व्हायच्या आधी लेव्हल पाइप (पातळी बघायची पाणी भरलेली नळी) लावून चारही भिंतींवर, तयार होणाऱ्या फरशीपासून बरोबर १ मीटरवर, एक रेषा मारा. ओटा, खिडकी, सॉकेट, मशिनची जागा, सगळं त्या रेषेवरून मोजा. सुतार, गवंडी आणि वायरमन तिघेही मग एकाच मापाने बोलतात.

फ्रिज लिटरवर घेतात, जागा इंचात असते

दुकानात सगळे विचारतात किती लिटरचा. रुंदी कोणी विचारत नाही. दोन दारांचा साइड बाय साइड फ्रिज बहुतेक ९१ सेंटिमीटरच्या आसपास रुंद असतो आणि जुन्या इमारतीत स्वयंपाकघराचं दार अडीच फुटाचं. आडवा फिरवून, दारं काढून नेता येतो, पण वळणावर भिंत असली की तेही जमत नाही. आत पोचला तरी भिंतीला चिकटून ठेवला की दार ९० अंशांवर अडतं आणि भाजीचा ड्रॉवर बाहेर येत नाही. वर लॉफ्ट असेल तर तीच साडेचार सुतं पुन्हा आडवी येतात.

माझी सवय अशी: फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा कापून तळाच्या मापाचा तुकडा करतो, जमिनीवर ठेवतो आणि उघड्या दाराची रेघ खडूने मारतो. मग घरातल्या स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीला ओट्यापाशी उभं करतो. कागदावरच्या नकाशापेक्षा या पाच मिनिटांत जास्त कळतं.

बाकीच्या चुका पटापट सांगतो. डिशवॉशरचा सॉकेट मशिनच्या पाठीमागे नको, शेजारच्या सिंकच्या कपाटात द्या, १६ अँपिअरचाच. बटण हाताला लागलं पाहिजे आणि नळ्यांना मागे जागा राहिली पाहिजे. टाइलच्या सांध्यांत साधं सिमेंट भरलं तर महिन्याभरात हळद बसते, एपॉक्सी (डाग सहसा न धरणारा रेझिनचा माल) भरा. चकचकीत टाइल तेलाचा थेंब पडला की घसरते, स्वयंपाकघरात मॅटच घ्या. पाइप गॅसची लाइन हलवायची असेल तर गॅस कंपनीच्याच माणसाला बोलवा, प्लंबरला हात लावू देऊ नका. ड्राय बाल्कनीची फरशी स्वयंपाकघरापेक्षा निदान अर्धा इंच खाली आणि उतार पाणी जायच्या जाळीकडे. तिथे समोरून उघडणारं वॉशिंग मशिन बसणार असेल तर टाइलखाली माल दातेरी थापीने पूर्ण पसरवून घ्या. पाच ठिकाणी गोळे ठेवून टाइल दाबणारा कारागीर दिसला तर काम तिथेच थांबवा. पिळताना मशिन हादरतं आणि पोकळ टाइल तडकते.

टाइल दहा टक्के जास्त, एकाच बॅचची घ्या आणि उरलेलं खोकं माळ्यावर ठेवा.

आणि घाई करू नका. शेवटची टाइल बसली त्याच संध्याकाळी फ्रिज आत ढकलणारी माणसं मी पाहिलीत, एक कोपरा दबला की तो कायमचा. चिकटवायच्या मालावर पूर्ण एक दिवस पाय नको. सिमेंटच्या मालावर टाइल असेल तर आठवडाभर पाणी मारायचं आणि जड मशिनं त्यानंतरच. फ्रिज आत नेताना वाटेत जुनं प्लायवूड आंथरा, चाकांवर ढकलू नका.